कामगारांच्या हक्कांना कायद्याचे बळ देणारे ना. म. जोशी

नोकरी सुटल्यावर थकलेला पगार किती दिवसांत मिळाला पाहिजे? यंत्रात हात सापडला तर भरपाई कोणी द्यायची, ठेकेदाराने की कारखान्याच्या मालकाने? संघटना बांधली म्हणून कामावरून काढता येते का? बाळंतपणाच्या रजेचा पगार मिळतो का? खालापूर तालुक्यातील खोपोली, रसायनी, पाताळगंगा या औद्योगिक पट्ट्यात आणि कर्जतमधील हॉटेले, बांधकामे व लहानमोठ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे प्रश्न आजही पडतात. त्यांची उत्तरे कायद्यात आहेत. हे कायदे कोठून आले, याचा शोध घेत मागे गेले की वाट वारंवार एकाच नावापाशी येऊन पोहोचते. ते नाव याच जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण मल्हार जोशी यांचे.

कर्जत आणि खोपोलीहून रोज पहाटेची लोकल पकडून मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या पायाखालून लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग जातो. पूर्वीचा हा डिलाईल रोड. एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यांनी जागा होणारा हा रस्ता आज काचेच्या इमारतींतील कार्यालयांकडे धावणाऱ्या नोकरदारांनी भरलेला असतो. रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्या गृहस्थांनी आपल्या वेळेवर होणाऱ्या पगारासाठीही कायदेमंडळात झगडा केला होता, हे त्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. हे गोरेगाव मुंबईचे उपनगर नव्हे, तर आजच्या माणगाव तालुक्यातील गाव. तेव्हा हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळाले ते १९८१ मध्ये. गावातील शिक्षण संपल्यावर ते पुण्यास गेले आणि डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. पदवीधरांची संख्या मोजकी असलेल्या त्या काळात सरकारी नोकरीत बढत्या घेत सुखाने जगण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. १९०९ मध्ये त्यांनी तो सोडला आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य झाले. आयुष्य देशसेवेला वाहायचे आणि समाज देईल त्या अल्प मानधनात संसार चालवायचा, ही या संस्थेच्या सदस्यत्वाची अट होती.

घाटातले मजूर, गिरणीतले कामकरी

जोशी ज्या काळात वाढले, त्या काळात कामगाराला कायद्याचे संरक्षण किती होते, हे समजण्यासाठी कर्जतच्या डोक्यावर उभ्या असलेल्या बोरघाटाकडे पाहावे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ ते १८६३ या काळात कर्जतकडून खंडाळ्याकडे चढणारा लोहमार्ग बांधला. बोगदे, पूल आणि सुरुंगांच्या या कामावर ऐन भरात चाळीस हजारांच्या आसपास मजूर होते. अपघात आणि पटकी यांनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. सुरुंगात पाय गेलेल्या मजुराला भरपाई मागण्याचा हक्क नव्हता. मृताच्या वारसांना दाद मागण्याची मुभा देणारा १८५५ चा एक कायदा होता. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाची हयगय सिद्ध करावी लागे. घाटाखालच्या झोपड्यांत राहणाऱ्या विधवेला ते जमणे अशक्यच होते.

पुढे हाच परिसर मुंबईच्या उद्योगांशी आणखी एका धाग्याने जोडला गेला. टाटा कंपनीने लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले, घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खोपोलीला उतरवले आणि १९१५ मध्ये तेथील केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. खोपोलीची वीज आणि कोकणातील माणसे या दोन्हींवर परळ-लालबागच्या गिरण्या चालत होत्या. विजेचा दर करारात लिहिलेला असे. माणसांच्या मजुरीबाबत मात्र फारसे काहीच लिहिलेले नसे.

गिरणीत पगार महिना संपल्यावर लगेच होत नसे. बहुधा पुढील महिन्याच्या मध्यापर्यंत थांबावे लागे. तोवर वाणी आणि सावकार यांच्या उधारीवर घर चाले. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत अनेक गिरण्यांत होती. कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वसूल केली जाई. कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर असे आणि त्याला दस्तुरी द्यावी लागे. या कामगारांचा आवाज प्रथम संघटितपणे उठवला तो सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. लोखंडे १८९७ मध्ये निवर्तले. त्यानंतर गिरणगावात सातत्याने काम करणारी संस्था उभी राहण्यास चौदा वर्षे जावी लागली.

प्रथम वाचनालय, मग अर्ज

ती संस्था म्हणजे १९११ मध्ये जोशी यांनी पुढाकार घेऊन मुंबईत स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग. कामगार वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये, फिरती ग्रंथालये, दवाखाने, व्यायामशाळा, पाळणाघरे आणि सहकारी पतपेढ्या असे तिचे काम वाढत गेले. आज ही यादी एखाद्या सेवाभावी संस्थेच्या अहवालासारखी वाटेल. तीत एक वेगळे काम होते. गरीब आणि निरक्षर माणसाला कायद्याचा सल्ला देणे, त्याच्या वतीने अर्ज-विनंत्या करणे आणि पोलीस कोर्टात त्याच्या बाजूने उभे राहणे, हेही लीगचे कार्यकर्ते करीत.

जोशी यांच्या पुढील आयुष्याचे मूळ या कामात सापडते. सल्ला मागायला येणाऱ्या माणसाची तक्रार खरी असे, पण ती ज्याच्या आधारे मांडावी असा कायदाच नसे. पगार उशिरा देणे हा गुन्हा नव्हता. दंड किती करावा याला मर्यादा नव्हती. हात तुटलेल्या कामगाराला घरी पाठवणे बेकायदा नव्हते. अर्ज कितीही चांगला लिहिला तरी त्याचे उत्तर मालकाच्या मर्जीवर अवलंबून राही. मर्जीच्या जागी हक्क यायचा असेल तर कायदा व्हायला हवा, या निष्कर्षाप्रत ते आले आणि उरलेले आयुष्य त्यांनी त्यासाठीच वेचले.

संधी १९१९ मध्ये आली. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानुसार आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिची पहिली परिषद वॉशिंग्टन येथे भरली. हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशी यांना पाठवले. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, हे तत्त्व या परिषदेने मान्य केले. हिंदुस्थानसाठी मात्र ६० तासांची वेगळी तरतूद झाली. एकाच करारात गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या आठवड्यात बारा तासांचे अंतर होते. ते अंतर भरून निघण्यास पुढे २७ वर्षे लागली आणि त्या वाटचालीचा प्रत्येक टप्पा जोशी यांनी पाहिला. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ६० तास ही मर्यादा आली, १९३४ च्या कायद्याने ती ५४ वर आली आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तास झाले.

तहातील आणखी एका अटीने देशातील कामगार चळवळीला वळण दिले. परिषदेतील कामगार प्रतिनिधी त्या देशातील प्रातिनिधिक कामगार संघटनांच्या सल्ल्याने निवडावा, असे तहात म्हटले होते. हिंदुस्थानात अशी देशव्यापी संघटनाच नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, म्हणजे आयटकचे, पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तिच्या संस्थापकांत जोशी होते. पुढे १९२५ ते १९२९ आणि १९४० ते १९४८ अशी दोन वेळा त्यांनी तिच्या सरचिटणीसपदाची धुरा वाहिली.

संघटना करणे हा गुन्हा नव्हे

१९२१ मध्ये जोशी यांची कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळावर नेमणूक झाली. निवडणूक नव्हे, सरकारी नेमणूक. या एका गोष्टीवरून त्यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. त्या जागेचा त्यांनी उपयोग काय केला, हे मात्र पहिल्याच वर्षी दिसले.

मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत १९२० च्या अखेरीस टाळेबंदी झाली. तेथील मद्रास लेबर युनियनचे नेते बी. पी. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध कंपनीने उच्च न्यायालयात दावा लावला. कामगारांना करार मोडण्यास चिथावल्याबद्दल नुकसानभरपाईची मागणी करण्यात आली आणि न्यायालयाने मनाई हुकूम दिला. याचा अर्थ स्पष्ट होता. कामगारांना एकत्र येण्यास सांगणारा कोणीही पुढारी यापुढे दिवाणी दाव्यात भिकेला लागू शकत होता. जोशी यांनी मार्च १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव आणला : कामगार संघटनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण मिळावे. सरकारने तत्त्व मान्य केले, तरी कायदा होण्यास पाच वर्षे लागली. १९२६ मध्ये भारतीय ट्रेड युनियन कायदा संमत झाला आणि १ जून १९२७ पासून अमलात आला. कोणत्याही सात जणांना संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येऊ लागला. नोंदणीकृत संघटनेच्या कायदेशीर कामाबद्दल तिच्या पदाधिकाऱ्यांवर फौजदारी कटाचा खटला किंवा मद्रासच्या धर्तीचा दिवाणी दावा चालवणे अशक्य झाले.

या कायद्यात एक मोठी उणीव होती. संघटना नोंदवण्याचा हक्क मिळाला, पण मालकाने तिच्याशी बोलणी केलीच पाहिजेत असे बंधन त्यात नव्हते. जोशी यांच्या काळात झालेल्या जवळजवळ प्रत्येक कामगार कायद्याची गोष्ट अशीच आहे. जे हवे त्याच्या निम्मे मिळे. ते स्वीकारायचे आणि उरलेल्या निम्म्यासाठी पुन्हा उभे राहायचे, ही त्यांची रीत होती.

दरम्यान १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर असताना कामामुळे अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळेल, हे तत्त्व या देशात प्रथम आले. बोरघाटाच्या मजुराला जे मिळाले नाही, ते साठ वर्षांनी त्याच्या नातवाला मिळाले. मृत्यू झाल्यास वारसांना तीस महिन्यांच्या पगाराइतकी, पण २५०० रुपयांहून अधिक नाही, अशी रक्कम ठरली. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ४२ महिन्यांचा पगार, कमाल मर्यादा ३५०० रुपये. अपघातग्रस्त माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाईची मागणी मुख्य मालकाकडे करता येईल, अशी तरतूदही या पहिल्याच कायद्यात होती. मात्र कायदा ठरावीक धोक्याच्या उद्योगांपुरता होता आणि शेतमजूर, घरकामगार, लहान कारखान्यांतील कामगार त्याच्या बाहेर राहिले. त्याची व्याप्ती वाढवण्याची मागणी जोशी करीत राहिले. १९३३ च्या दुरुस्तीने ती काही अंशी पुरी झाली.

सर्वच प्रयत्नांना असे अर्धे यशही आले नाही. १९२४ मध्ये जोशी यांनी स्त्री कामगारांना बाळंतपणाच्या आधी व नंतर रजा आणि त्या काळात भत्ता मिळावा म्हणून विधेयक मांडले. कायदेमंडळाने ते फेटाळले. तेव्हा गिरणीत आणि खाणीत काम करणाऱ्या बायका शेवटच्या दिवसापर्यंत कामावर असत आणि बाळंतपण झाले की नोकरीही जाई. विधेयक पडले, पण प्रश्न पटलावर आला. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तो पुन्हा उपस्थित झाला. १९२८ मधील त्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूती लाभाच्या तत्त्वाचा पुरस्कार केला आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा केला. दिल्लीत हरलेली मागणी चार-पाच वर्षांत मुंबईत जिंकली.

दोन्ही बाजूंचा रोष

जोशी केवळ कायदेमंडळात बसणारे नेते नव्हते. १९२६ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन सुरू झाली. १९२८ मध्ये गिरणीमालकांनी माणशी अधिक माग आणि अधिक चात्या देण्याचे धोरण आणले, तेव्हा मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर होते. मवाळ वृत्तीच्या जोशी यांना सार्वत्रिक संपाची घाई नव्हती. पण संप सुरू झाल्यावर ते बाजूला राहिले नाहीत. संयुक्त संप समितीत श्रीपाद अमृत डांगे आणि इतर कम्युनिस्ट नेत्यांबरोबर ते बसले, मालकांशी वाटाघाटी केल्या आणि अखेरीस फॉसेट चौकशी समिती नेमली जाऊन संप मिटला.

ही एकजूट फार टिकली नाही. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला. आयोगावर जोशी यांनाही घेण्यात आले. सायमन कमिशनवरील बहिष्काराच्या आठवणी ताज्या असताना सरकारी आयोगावर बसणे राष्ट्रीय वृत्तीच्या आणि डाव्या कार्यकर्त्यांना मुळीच रुचले नाही. त्याच वर्षी नागपूरला पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या आयटकच्या अधिवेशनात आयोगावर बहिष्काराचा ठराव संमत झाला. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ स्थापन केला. ज्या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा हात होता, तिलाच त्यांना सोडावे लागले.

त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे निराधार नव्हते. परकीय सरकारच्या नेमणुकीवर अवलंबून असलेला प्रतिनिधी त्या सरकारला कोठवर विरोध करणार, हा प्रश्न रास्त होता. संपाचा हक्क आवळणाऱ्या १९२९ च्या औद्योगिक तंटे विधेयकाला जोशी यांनी विरोध केला होता. तरीही सरकारधार्जिणे हा शिक्का पुसला गेला नाही. मालकांच्या लेखी ते चळवळे होते आणि जहालांच्या लेखी सरकारचे. सरकारने देऊ केलेला सी.आय.ई. हा किताब त्यांनी नाकारला होता, याचा उल्लेख दोन्ही बाजू सहसा करीत नसत.

आयोगावर बसून मिळाले काय, याचे उत्तर १९३१ च्या अहवालानंतरच्या वर्षांत मिळाले. आयोगाने देशभर फिरून कामगारांच्या साक्षी घेतल्या. पगाराची दिरंगाई, दंड, जॉबरची दस्तुरी, सावकारी यांची नोंद अधिकृत कागदावर आली. त्यातून अनेक कायदे निघाले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा १९३६ चा वेतन प्रदान कायदा. एक हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात महिना संपल्यापासून सात दिवसांत, इतरत्र दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे, कामावरून काढलेल्या माणसाचा हिशेब दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी चुकता झाला पाहिजे, दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक असता कामा नये आणि दंडाची रक्कम मालकाच्या तिजोरीत न जाता कामगारांच्या हिताच्या कामी लागली पाहिजे, असे त्याने ठरवले. महिन्याला दोनशे रुपयांपेक्षा कमी पगार असणाऱ्यांपुरताच तो होता. सोशल सर्व्हिस लीगच्या कार्यालयात अर्ज घेऊन येणाऱ्या गिरणी कामगाराची जी तक्रार पंचवीस वर्षांपूर्वी कोणत्याच कायद्यात बसत नव्हती, तिला आता कलम मिळाले.

पुढे फुटलेल्या संघटना पुन्हा जवळ आल्या आणि १९४० मध्ये एकत्र झालेल्या आयटकचे सरचिटणीसपद जोशी यांच्याकडेच आले. एकमेकांशी न पटणाऱ्या सर्व गटांचा ज्यांच्यावर विश्वास होता, असे ते जवळजवळ एकटेच उरले होते. त्याच वर्षी भारत सेवक समाजाशी असलेले तीन दशकांचे नाते त्यांनी संपवले. कायदेमंडळातील त्यांची कारकीर्द १९४७ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे चालली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळावरही त्यांनी अनेक वर्षे काम केले. स्वातंत्र्यानंतर कामगार संघटना राजकीय पक्षांच्या रेषेवर विभागल्या गेल्या. कोणत्याच पक्षाचे नसलेल्या जोशी यांनी १९४८ मध्ये सरचिटणीसपद सोडले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

कायदा बदलला, प्रश्न तेच

जोशी यांच्या काळातील कायदे आता त्या नावांनी उरलेले नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९३६ चा वेतन प्रदान कायदा वेतन संहितेत, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा औद्योगिक संबंध संहितेत आणि १९२३ चा नुकसानभरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. पण सुरुवातीला दिलेल्या चार प्रश्नांची उत्तरे पाहिली, तर जुनी वीण स्पष्ट दिसते.

थकलेल्या पगाराचे उत्तर असे : मासिक पगार पुढील महिन्याच्या सात दिवसांत द्यावा लागतो, कारखाना लहान असो की मोठा. कामावरून काढले किंवा कामगाराने राजीनामा दिला, तरी देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. पगाराची मर्यादा गेली असून संहिता सर्व कर्मचाऱ्यांना लागू आहे आणि थकबाकीसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो.

अपघाताच्या बाबतीत, ठेकेदाराच्या कामगारासाठीही मुख्य मालकाची जबाबदारी कायम आहे. राज्य विम्याखाली, म्हणजे ईएसआयखाली, नोंद असलेल्या कामगाराला लाभ त्या योजनेतून मिळतात; इतरांना मालकाकडे भरपाई मागता येते आणि त्यासाठी साधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, आता यात येतो. रात्रपाळी संपवून सावरोली-खारपाडा रस्त्याने दुचाकीवरून घरी निघालेल्या कामगाराच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे.

संघटना बांधली म्हणून कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा ठरते. नोंदणीसाठी सात जणांची अट आजही आहे. त्या जोडीला आस्थापनेतील दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सदस्य लागतात. १९२६ मध्ये राहून गेलेली बोलणी करण्याच्या हक्काची उणीव, ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेच्या बाबतीत, नव्या संहितेने भरून काढली आहे. मात्र संपापूर्वी नोटीस देण्याचे बंधन आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाल्याने संप करणे पूर्वीपेक्षा कठीण झाले, असा कामगार संघटनांचा आक्षेप आहे. प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची असून ती पगारी आहे. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते.

कागदावर एवढे हक्क असताना प्रश्न का उरतात? एक कारण जोशी यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. कायदा नेहमी कोणाला तरी बाहेर ठेवतो आणि मालक कामगाराला त्या बाहेरच्या गटात ढकलण्याचा प्रयत्न करतो. शंभर वर्षांपूर्वी ही रेषा उद्योगाच्या प्रकारावर आणि पगाराच्या आकड्यावर होती. आज ती ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. एकाच दरवाजातून आत जाणाऱ्या, एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाकडे कंपनीचे ओळखपत्र असते आणि दुसऱ्याकडे काहीच नसते. कर्जतच्या वाड्यांतून उचल घेऊन वीटभट्टीवर कुटुंबासह स्थलांतर करणाऱ्या कातकरी मजुराचे नाव तर बहुधा कोणत्याच पटावर नसते. नव्या संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले, त्याचे मोल या ठिकाणी कळते. आपण येथे कामाला होतो, एवढे सिद्ध करता आले तरच पुढचा प्रत्येक हक्क मागता येतो. म्हणून नेमणूकपत्र, पगाराची पावती, बँकेतील नोंद, हजेरीचे कार्ड यांतील जे मिळेल ते जपून ठेवणे, ही कामगाराच्या हाती असलेली पहिली गोष्ट आहे.

दुसरे कारण जोशी यांच्या आयुष्याच्या क्रमात दडलेले आहे. त्यांनी अखेरच्या वर्षांपर्यंत कायदे घडवले, पण आरंभ केला तो रात्रशाळा आणि अर्ज लिहून देण्यापासून. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला त्याचा हक्क समजावून सांगणारा, त्याच्याबरोबर कचेरीत जाणारा कोणीतरी लागतो, हे त्यांनी आधी ओळखले आणि मग ते कायदेमंडळात गेले. आज कायदे विपुल आहेत. ते समजावून देणारी अशी ठिकाणे मात्र विरळ आहेत. तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते आणि कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते, हेही अनेकांपर्यंत पोहोचलेले नसते. जोशी यांच्या नावाचा रस्ता मुंबईत आहे. त्यांनी परळच्या चाळीत सुरू केलेल्या कामाची गरज खोपोली आणि कर्जतच्या कामगार वस्त्यांत अजून संपलेली नाही.